मांडी घातलेले टाके

धनगरवस्ती, आटपाडी
२४ फेब्रुवारी १९७४

ती. हरणाक्का,

कॉलेज सोडलं. घरून तुला कळलं असेलच, पण घरून कळतं ते निम्मंच असतं. बाकीचं निम्मं मी लिहितो.

कराडला हॉस्टेलात नानासो म्हणून एक पोरगा आहे. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "अर्जुना, मेंढरं तुझ्या शिट्टीवर येत असतील, स्टोअरकीपरची पोर नाही यायची." पोरं हसली. आमटीचं पातेलं माझ्या हातात होतं. पुढचं तू ओळखशील. त्याचे दात पडले. प्राचार्य म्हणाले, माफी माग आणि वर्ष वाचव. मी म्हणालो, माफी मागायला समोर माणूस लागतो. ट्रंक उचलली आणि आलो.

ती स्टोअरकीपरची पोर म्हणजे शालन. तुमच्याच कोयनानगरच्या कॉलनीतल्या लालासाहेबांची मुलगी. माझ्या पातेल्यामुळं तिचंही नाव झालं आणि बापानं तिला कॉलेजातून घरी नेलं. पत्र टाकायची सोय नाही, टपाल आधी बाप फोडतो.

आक्का, तिची आई साळूबाई दुपारी ओट्यावर बायकांना लोकरीचं विणायला शिकवते. तू जा. शिकायचं निमित्त कर. ती कशी आहे, काय बोलते, हसते का, एवढं मला लिही. तू म्हणशील, धरणावरच्या खलाशी कामगाराच्या बायकोनं साहेबीणबाईच्या ओट्यावर कसं बसावं? कशीही बस.

आय हल्ली माझ्यावर पाळत ठेवते. परवा नुसता विहिरीच्या काठावर बसलो होतो तर येऊन सदऱ्याला धरून बसली. तिला म्हणालो, "शालन मिळाली तर मी कशाला उडी टाकू?" ती रडायला लागली. मी खोटं बोललो नव्हतो.

तुझा,
अर्जुना


कोयनानगर
११ मार्च १९७४

चि. अर्जुनास हरणाक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आदी तुला शिव्या दिल्या, मग गेले. विहिरीचं परत लिहशील तर बघ. आयचं काळीज कवाच फाटलंय, आनि किती फाडतोस?

साळूबाई वाईट न्हाईत. मला म्हनल्या, "धनगराची लेक न्हवं तू? तुला लोकरीचं काय शिकवायचं?" बायका हसल्या. मी म्हनले, "आमची लोकर घोंगड्याची बाई, अंगाला टोचती. तुमची मऊ कशी काय ऱ्हाती ती बघाय आले." त्यांनी सरकून जागा दिली. धरण बांधायच्या वक्ती त्या सवता हे एका पंजाबी इंजिनिअरच्या बायकोकडनं शिकल्या.

सुया न्हवत्या. तुझ्या दाजींनी सायकलीच्या चाकाच्या तारा दगडावर घासून दिल्या. तुला सांगते, दोन दिस बोटं वळंनात. टाके इतके घट्ट पडले की सुई आत शिरंना. शालन म्हनली, "आक्का, धाग्याला फाशी देतायसा व्हय? सैल सोडा."

आता तुझं. ती बरी हाय. बारीक झालीया. मी कुनाची भन ते तिला पैल्या दिवशीच कळलं. आई आत च्या कराय गेली तवा हळूच म्हनली, "डोकं थंड झालं का त्यांचं?" मी म्हनले, न्हाई. ती म्हनली, "मग त्यांना सुया धाडा. हाताला काम असलं की डोकं ऱ्हातं गप."

म्हनून ह्या संगं दोन तारा धाडल्यात, आनि टाके कसे घालायचे त्याच्या खुणा कागदावर काढून. टोकं दाजींनी घासल्यात. हसू नगंस, तिनं सांगिटलंय.

हरणा


धनगरवस्ती
२ एप्रिल १९७४

ती. आक्का,

तिनं खरंच माझं नाव काढलं? "त्यांचं" म्हणाली की "अर्जुनाचं"? नीट आठवून लिही.

तुझ्या खुणांवरून टाके घातले. आबांनी चातीवर कातलेलं काळं सूत घेतलं, दुसरं आहेच कुठं. रानात मेंढरांमागं बसून विणतो. गुंडा तात्यानं बघितलं आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाला, "अर्जुना, सुया घेतल्यास, आता लुगडं कवा नेसतोस रं?" मी म्हणालो, "तात्या, तुम्ही जन्मभर चाती फिरवली, तुम्हाला कुणी नेसवलं का?" आबा पहिल्यांदाच हसले. कॉलेज सोडून आल्यापासून पहिल्यांदा.

मफलर केला. सुरुवातीला चार बोटं रुंद होता आणि शेवटी परकराचा घेर झाला. टाके आपोआप कसे वाढतात? मी चिडून तो भिरकावला, बोरीच्या काट्यात अडकला, मग उठून सोडवून आणला. तसाच पाठवतोय. तिला दाखव. आणि तोंड कसं करते ते बघून लिही.

आक्का, एक सांगतो. तासभर विणलं की तासभर मी कुणाला मारत नाही. मनातल्या मनातही नाही.

अर्जुना


कोयनानगर
९ जून १९७४

चि. अर्जुना,

मफलर बघून ती इतकी हसली की आईला सांगाय लागलं, भिताडावरनं पाल पडली म्हनून. मग आत जाऊन नीट बघितला. तुला तीन गोष्टी सांगिटल्यात. पैली, काठाचा टाका विणायचा न्हाई, नुसता उचलून घ्यायचा, म्हंजी काठ येणीगत येतो आनि टाके वाढत न्हाईत. दुसरी, दम धर. तिसरी नीट ऐक. तू धागा सुईवर उलट्या अंगानं टाकतुयास, चातीवर गुंडाळल्यागत. मीबी तसाच टाकते. ल्हानपनापास्नं चाती फिरवलेला हात, त्येला दुसरं वळण ठावं न्हाई. त्यानं टाक्याचे पाय एकमेकावर चढत्यात. ती म्हनली, "टाक्याचे दोन पाय शेजारी उभे पायजेत. तुमच्या घरचे टाके मांडी घालून बसत्यात." लय हसलो आमी.

ती म्होरं बसली की माझा हात सुदरतो. घरी आले की टाके परत मांडी घालत्यात.

तिनं तुझ्यासाठी स्वेटर विणाय घेतलाय. निळा. आईला म्हनली, बापासाठी. पाठीचा भाग निम्मा आलाय.

आनि एक. लपवून काय उपेग? गेल्या आठवड्यात उंब्रजचे पावने येऊन तिला बघून गेले. कायबी ठरलं न्हाई. ती म्हनली, "मी सांगीन माझ्या आबांना, पण माझ्या वक्तानं. त्यांना म्हणावं, तवर काय करू नका." काय करू नगंस, अर्जुना. हात जोडते.

इथं पाऊस लागलाय. परवा जमीन हलली, ओट्यावरच्या बायका पळाल्या. शालन तेवडी सुईवरचे टाके धरून बसलेली.

हरणा


धनगरवस्ती
२३ जून १९७४

ती. आक्का,

काय करू नको म्हणे! उंब्रजवाले पोहे खाऊन जातील आणि मी इथं काठाचा टाका उचलत बसू?

मी लालासाहेबांना सरळ पत्र टाकलं. चोरी कसली? लिहिलं की मी आटपाडीचा अर्जुना, धनगर, तुमच्या मुलीनं मला आणि मी तिला मनात धरलंय. दुसऱ्या कुणाला दिलीत तर मांडवात येऊन तिला घेऊन जाईन, अडवायला येईल त्यानं आपल्या दातांची काळजी करावी. आज पाच दिवस झाले, पोचलं असेल.

आता तरी त्यांना कळेल की समोर माणूस आहे. तू घाबरू नको. तुझं नाव कुठं घातलेलं नाही.

उत्तर ताबडतोब.

अर्जुना


कोयनानगर
१९ ऑगस्ट १९७४

चि. अर्जुना,

तुझी तिन्ही कार्डं पोचली. पावसानं रस्ता बंद हुता, टपाल येत न्हवतं. मलाबी बरं न्हवतं.

उंब्रजचं लगीन मोडलं. आता त्ये हुनार न्हाई. तुझ्या जिवाला घोर नगं.

तुझ्या पत्रानं लालासाहेब लय रागावले. ओट्यावरचं विणकाम साळूबाईंनी बंद केलंय, पण मला एकटीला येऊ देत्यात. मी जाते, बसते. शालन आता काय बोलत न्हाई. तुला निरोप न्हाई म्हनून रागावू नगंस. स्वेटर सुयांवर हाय.

तू विणत ऱ्हा. आयला जप.

हरणा


धनगरवस्ती
८ सप्टेंबर १९७४

ती. आक्का,

काय बोलत नाही म्हणजे? माझ्यावर रागावली? की दुसरा कुणी मनात आला? तू माझी बहीण आहेस की लालासाहेबांची? दोन ओळीत काहीही झाकून टाकतेस.

मी काय करतो ते ऐक. तुझ्या तिन्ही गोष्टी शिकलो. काठ वेणीसारखा येतो. धागा सरळ टाकायला हात रडला, पण वळवला. आबांना टोपी केली, आयला पायमोजे केले, ती घालत नाही, नुसते उशाला ठेवते. आता वस्तीतल्या बायका लेकरांच्या टोप्या मागायला येतात. गुंडा तात्यानंसुद्धा नातवासाठी मागितली, तोंड दुसरीकडं करून. आणि हे सगळं मी कशासाठी करतो? तिला दिसावं म्हणून. मी थंड झालो, हे तिला दिसावं म्हणून. आणि ती बोलत नाही!

तिला एवढंच सांग. दिवाळीपर्यंत तिच्याकडून काही आलं नाही, तर आयनं माझा सदरा किती दिवस धरून ठेवायचा, ते मी ठरवीन. विहिरीला पाणी भरपूर आहे यंदा.

अर्जुना


कोयनानगर
२ ऑक्टोबर १९७४

चि. अर्जुना,

असलं लिहू नगंस रं. मी पत्र चुलीत घातलं, दाजींनी बघाय नगं.

ती तुझ्यावर रागावलेली न्हाई. हे मी आयची आन घेऊन सांगते. दुसरा कुनी तिच्या मनात न्हाई आनि येनार न्हाई, हीबी आन घेऊन सांगते. स्वेटर वाढतोय. पाठ झाली. म्होरल्या भागाचा गळा जमंना, तीनदा उसवला, आता जमलाय. तुला थंडीच्या आत मिळंल. तवर विहिरीकडं जायचं न्हाई, म्हनून शपत घे आनि मला कळव.

हरणा


धनगरवस्ती
१ डिसेंबर १९७४

आक्का! आक्का!

पार्सल आलं. मी वस्तीवर न थांबता रानात घेऊन गेलो. अंगात घातला. बरोब्बर बसला. तिनं माझं माप कधी घेतलं असेल गं? वर्गात पाठीमागं बसायची तेव्हा?

आता तुला एक गंमत सांगतो, तू ओट्यावर बसूनही तुला कळली नसेल. स्वेटर उलटा करून उन्हात धरला. आता मलाही थोडं कळतं. पाठीच्या खालच्या निम्म्या भागात टाके सरळ उभे आहेत, एकासारखा एक, शालनचे. आणि मध्येच एका ओळीपासून, बघतो तर काय, टाके मांडी घालून बसलेत! तिथून वर सगळी पाठ, सगळा पुढचा भाग, गळा, बाह्या, सगळे आपल्या घरचे टाके!

म्हणजे काय ते कळलं का तुला? मी तिकडं तिच्यासारखा हात वळवत होतो आणि ती इकडं आपल्यासारखा वळवत होती. तोंडानं बोलायची बंदी, म्हणून तिनं असं सांगितलं. तुमच्या घरची झाले म्हणून. आक्का, मी रडलो. मेंढरं तात्याच्या रानात गेली तरी उठलो नाही.

आता मी थांबत नाही. भांडायला येत नाही, घाबरू नको. आबांना घेऊन येतो, रीतसर मागणी घालायला. हाच स्वेटर घालून येणार. लालासाहेबांनी चार शिव्या दिल्या तर खाली मान घालून ऐकीन. पंधरा तारखेला निघतो. तिला सांग. आता तरी बोलेल ती.

अर्जुना


कोयनानगर
६ डिसेंबर १९७४

अर्जुना,

येऊ नगंस. आबांना आनू नगंस. हे पत्र वाचायच्या आदी आयला जवळ बोलाव आनि तिच्या म्होरं बसून वाच. माझी आन हाय.

शालन न्हाई रं. जून म्हैन्यातच गेली.

त्ये टाके माझे हायेत. पाठीचा निम्मा भाग तेवडा तिचा. बाकीचा समदा मी विणला. तिच्यासारखा हात टाकायला लय बघितलं, पन ती म्होरं नसली की माझा हात चातीवरच जातो.

आता समदं सांगते, न्हाईतर तू दुसऱ्याच्या तोंडनं ऐकशील. तुझं पत्र आलं तवा ती तापानं निजलेली हुती. लालासाहेबांनी पत्र वाचलं आनि त्याच दिवशी तिला उंब्रजला मामाकडं न्यायची म्हनून ट्रकात बसवली. आठवड्यात लगीन लावून टाकतो म्हनले. साळूबाई पाया पडल्या, ताप उतरू द्या म्हनून. घाटात दरड पडलेली. ट्रक पावसात दिवसभर उभा. वर नुसती ताडपत्री. उंब्रजला पोचली तवा छातीत कफ भरलेला. चार दिवस काढले.

तू इचारशील म्हनून मीच लिहिते. पत्र आलं नसतं तर ती घरात ऱ्हायली असती. जगली असती का, ते मला ठावं न्हाई.

साळूबाईंनी तिचं लोकरीचं सामान माझ्या वटीत टाकलं, "माझ्या डोळ्याम्होरनं ने" म्हनल्या. त्यात त्यो निळा तुकडा हुता. तुला खरं सांगावं तर तू विहिरीवर बसलेला. मग मी विणाय बसले. वाटलं, ह्यो पुरा हुईस्तवर तू जगशील. पुढचं म्होरं बघू. दिवाळीत साळूबाई म्हनल्या, "हरणे, निळा स्वेटर ह्येंच्यासाठी विणत हुती, त्यो तेवडा परत दे. ह्येनी रोज इचारत्यात." मी म्हनले, त्यात निळं कायबी न्हवतं. त्यांच्या चुलीम्होरं बसून म्हनले.

मला काय बोलायचं त्ये बोल. पन जगून बोल.

हरणा


धनगरवस्ती
१५ जानेवारी १९७५

ती. आक्का,

आयसमोर बसूनच वाचलं. तिला वाचता येत नाही, पण माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं. आबा आणि ती आळीपाळीनं माझ्याजवळ असतात. मी कुठं गेलो नाही. जायची ताकदही नाही.

तुला काही बोलत नाही. मी त्या पत्रात दातांविषयी लिहिलं होतं. तेवढं वाक्य सारखं समोर येतं.

आठ दिवस स्वेटरकडं बघितलं नाही. मग शिवण सोडली. पुढचा भाग बाजूला केला, बाह्या बाजूला केल्या. ते तुझं आहे, ट्रंकेत ठेवलंय, कुणी घालणार नाही. पाठ वरून उसवत आलो. तुझी ओळ संपली आणि तिची सुरू झाली तिथं थांबलो. शोधावं लागलं नाही. तिचे टाके जसे तिनं ठेवले होते तसे परत सुईवर घेतले. एक एक. एकही सुटू दिला नाही. त्या मापाची तार मला आबांनी घासून दिली. टोकांना बुचं लावलीत.

हे तिच्या आईचं आहे. पार्सल तुझ्या नावानं टाकलंय, कारण माझ्या नावाचं त्या घरात काही जाऊ नये. तू ने. तुझी अडचण होईल, कळतंय मला. तरी ने.

अर्जुना


कोयनानगर
२ फेब्रुवारी १९७५

चि. अर्जुना,

नेलं. दुपारची गेले. लालासाहेब कामावर हुते.

साळूबाईंनी बुचं काढली न्हाईत. तुकडा मांडीवर पसरला आनि टाक्यांवरनं हात फिरवला, आंधळ्या माणसागत. मला वाटलं रडतील. त्या उठून आत गेल्या, लालासाहेबांचा सदरा आनला, त्यावर ठिवून बघितला. तुकडा दोन्ही बाजूंनी भाईर आला.

"ह्यो ह्येंच्या मापाचा न्हाई," म्हनल्या.

मी तुकड्याची घडी घालाय लागले.

"कुनाच्या मापाचा?"

मग मी समदं सांगिटलं. तू, सुया, मफलर, माझं विणनं, समदं. त्यांनी ऐकलं. शेवटी म्हनल्या, "म्हंजी सा म्हैनं तू त्याच्यासाठी माझी पोर जित्ती ठिवलीस. रोज हितं येऊन बसत हुतीस. मला एक दिस तरी द्यायची हुतीस."

मी पाया पडाय वाकले तर पाय वडून घेतले.

"उद्यापास्नं येऊ नगंस," म्हनल्या. "ओट्यावरबी न्हाई."

मी चपला घालत हुते तवा दारातनं परत बोलल्या, "तुझ्या भावाला म्हणावं, लगीन कर, कायबी कर. पन परत कुनाच्या घरी कागद धाडू नगंस." आनि दार लावलं.

तुझे दाजी इचारत्यात, आज विणाय न्हाई गेलीस? मी काय सांगू?

मीबी आता लिवनार न्हाई. लिवता येतंय म्हनून आपुन लय लिवलं. तुला माझी याद आली तर पायानं ये, फाटकातनं डाव्या हाताला तिसरी खोली. मी घरातच असते.

हरणा